गाडी ‘मिसिंग’ मारते, पण गॅरेजमध्ये नेली की गुणी बाळ: बिघाड कुठे आहे हे हातापायाला कसं कळतं

‘मिसिंग’ म्हणजे एखादा सिलिंडर मध्येच न पेटणं. तक्रार साधारण अशी असते. सिग्नलला उभी असली की गाडी थरथरते, एसी लावला की जास्तच. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की मध्येच एक हिसका. गॅरेजला नेली, प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) धुतली, चार दिवस छान चालली आणि पुन्हा तेच. मग परत नेली तर मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, ‘काही नाही साहेब, गाडी ओके आहे.’

तो खोटं बोलतो असं नाही. त्याने चालवली तेव्हा ती खरंच ओके असते. बिघाड विशिष्ट परिस्थितीत उगवतो आणि ती परिस्थिती गॅरेजच्या दारात नसते. ‘गाडी बरोबर चालत नाही’ एवढंच सांगितलं तर तो बिचारा नेहमीचेच दोन-तीन पार्ट बदलणार. त्याला हवं असतं ते हे: इंजिन थंड असताना होतं की गरम, स्लोला (पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना) होतं की लोडवर (जोर लावताना), पेट्रोलवर की सीएनजीवर, आणि धक्का एका ठेक्यात येतो की कसाही. यातलं बरंचसं बसल्या जागी कळतं, स्कॅनरशिवाय. खाली जे लिहिलंय ते पेट्रोलच्या आणि पेट्रोल-सीएनजीच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांबद्दल आहे. डिझेलचं गणित वेगळं, त्यात प्लगची ठिणगीच नसते.

थरथर कितीची स्वाभाविक आणि कितीची नाही

आधी हिशेब बघू. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. स्लोला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरच्या गाडीत मिनिटाला १६०० स्फोट, म्हणजे सेकंदाला सुमारे २७. तीन सिलिंडरच्या गाडीत १२००, म्हणजे सेकंदाला २०. सेकंदाला २७ ठोके हाताला सुटे कळत नाहीत, त्यांची एक सलग गुणगुण होते. २० ठोके थोडे जाडेभरडे लागतात. म्हणून तीन सिलिंडरची छोटी गाडी सिग्नलला जरा हलतेच, कंपनीतून आली तेव्हापासून हलते. चार सिलिंडरची सवय असलेला माणूस त्या गाडीत बसला की पहिल्याच दिवशी ‘इंजिन खराब आहे’ म्हणतो. तसं नसतं.

आता एक सिलिंडर पेटायचा बंद झाला असं धरा. मग तीन सिलिंडर असोत की चार, मिनिटाला ४०० वेळा एक ठोका गळतो. सेकंदाला सहा-सात. हे प्रमाण हाताला स्पष्ट जाणवण्याइतकं सावकाश आहे. सीटमधून, गिअरच्या दांड्यातून, टेकवलेल्या गुडघ्यातून धडधड-धडधड असा एक नेमका ठेका येतो. तो इतका नियमित असतो की बोटाने ताल धरता येईल. हा ठेका म्हणजे एकच सिलिंडर कायमचा सुटलाय. ठेका नसेल, मध्येच एक हिसका, मग शांत, मग लागोपाठ दोन, असं असेल तर एकाच सिलिंडरच्या मागे लागू नका. तिथे हवा, इंधनाचा दाब किंवा सगळ्या सिलिंडरना सामाईक असलेली एखादी गोष्ट शोधायची. हा एक फरक नीट सांगितलात तरी मेकॅनिकचं अर्धं काम वाचतं.

सिग्नलला उभं असताना आतल्या आरशात मागच्या गाडीची नंबरप्लेट वाचून बघा. गाडी धडधाकट असताना ती वाचता येते की नाही हे माहीत असेल तर बिघाड सुरू झाल्याचं आरसा तुमच्याआधी सांगतो. दुसरी जागा गिअरचा दांडा. न्यूट्रलमध्ये त्यावर तळवा नुसता टेकवा, पकडू नका. घट्ट पकडलं की कंप हातातच मुरतो आणि काही कळत नाही. एसी बंद करून, मग चालू करून, दोन्ही वेळा बघा. एसीचा कॉम्प्रेसर लागला की रेस (इंजिनचे फेरे) क्षणभर पडून पुन्हा सावरते, हे चालायचंच. पडते आणि सावरतच नाही, किंवा वरखाली हेलकावे घेत राहते, ते मात्र चालायचं नाही.

आधी इंजिनवरचा खोटा आळ काढून टाका

गॅरेजमध्ये ट्यूनिंगला येणाऱ्या गाड्यांत इंजिनचा दोषच नसलेल्या गाड्याही असतात. सगळ्यात फसवा प्रकार इंजिन माउंटिंगचा. इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं ती फाटली किंवा दबली की नेहमीची थरथर सरळ बॉडीत उतरते. ओळखायचं कसं? काटा बघा. थरथर आहे पण आरपीएमचा काटा जागचा हलत नाही, सायलेन्सरचा आवाज एकसारखा आहे, तर माउंटिंग. शिवाय क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटरवरून पाय काढताना पुढून ‘धप्प’ असा आवाज येतो. सिलिंडर सुटला असेल तर काटाही थोडा थरथरतो आणि सायलेन्सरचा आवाजही तुटक येतो.

चाकांच्या बॅलन्सिंगचा कंप गाडीच्या वेगाला बांधलेला असतो, इंजिनच्या फेऱ्यांना नाही. ८०-९०ला स्टिअरिंग हलत असेल तर तोच वेग ठेवून गिअर एकाने खाली घ्या. फेरे वाढले तरी थरथर तशीच राहिली की इंजिन निर्दोष. फक्त पहिल्या गिअरला गाडी उचलताना थडथड होऊन नंतर सगळं गुळगुळीत असेल तर क्लच प्लेट बघायची. आणि महाबळेश्वरला गाडी ‘ओढत नाही’ ही तक्रार घेऊन कुठे जाऊ नका. तिथली उंची साधारण १३५० मीटर, हवाच पातळ. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला सुमारे दहा टक्के ताकद सोडतं.

स्लोला बिघडते की लोडवर

स्लोला त्रास आणि रेस वाढवली की गायब: हे लक्षण हवेच्या बाजूला बोट दाखवतं. स्लोला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, इंजिन थोडीच हवा ओढतं. अशा वेळी एखाद्या तडकलेल्या व्हॅक्यूमच्या नळीतून चोरून आलेली हवा त्या थोडक्यात मोठा वाटा उचलते. रेस वाढली की इंजिन एवढी हवा ओढतं की त्या गळतीला किंमतच राहत नाही. आपल्याकडे ज्या गाड्यांत हवेचं मोजमाप मॅनिफोल्डच्या (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळीच्या) दाबावरून होतं, त्यांत अशी गळती झाली की रेस पडण्याऐवजी चढलेली राहते किंवा हजार-दीड हजाराच्या मध्ये झोके घेते. ‘रेस आपोआप वर-खाली होते’ म्हणतात ती हीच.

गळती शोधायला गाडी उभी, हँडब्रेक लावलेला, इंजिन चालू. मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या रबरी नळ्या एकेक करून पक्कडीने, कापड मध्ये घालून, हळूच चिमटायच्या. ज्या नळीला चिमटलं की रेस एकदम बदलून ठिकाणावर येते, गळती तिच्याच वाटेवर. ब्रेकच्या बूस्टरची जाड नळीही तपासायची, त्यासाठीच गाडी जागची हलता कामा नये. बरेच जण इथे कार्ब क्लीनरचा फवारा मारतात. गरम इंजिनवर पेट घेणारं द्रव्य उडवण्याची हौस मला तरी नाही.

क्लच दाबून सिग्नलला थांबताना रेस खाली जाऊन गाडी बंदच पडत असेल, पण एकदा स्लोला स्थिर झाली की ठीक, तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन. पाकळीच्या कडेला काळा चिकट थर बसतो, हवेची फट बुजते. धुतल्यावर एक गोष्ट राहून जाते: ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) नवी फट शिकवायची असते. तिची रीत प्रत्येक गाडीची वेगळी, काहींना स्कॅनर लागतो. ती न करता गाडी हातात दिली तर रेस चढलेली राहते आणि लोक म्हणतात, धुतली आणि बिघडवली.

उलट, स्लोला एकदम शांत आणि चढावर, ओव्हरटेकला, खंबाटकीत तिसऱ्या गिअरला पाय पूर्ण दिल्यावर झटके, असं असेल तर दोनच संशयित: ठिणगी किंवा इंधनाचा पुरवठा. लोडवर सिलिंडरमध्ये दाब वाढतो आणि दाब वाढला की ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. कमकुवत कॉइल (हे व्होल्टेज तयार करणारा भाग) स्लोला निभावून नेते, चढावर हात टेकते. दोघांतला फरक पायाला कळतो. ठिणगीचा हिसका तीक्ष्ण असतो, गाडीला कुणी मागून कॉलर धरून सोडल्यासारखा, आणि पाय किंचित मागे घेतला की त्याच क्षणी थांबतो. इंधन कमी पडतं तेव्हा गाडी मऊ पडत जाते. पाय देत राहता आणि ती काही सेकंद मागे-मागे सरते, मग पाय काढल्यावरही सावरायला वेळ घेते. पंप किंवा चोंदलेला फिल्टर. दाब मोजायचं घड्याळ लावल्याशिवाय पंप बदलू देऊ नका, स्वस्त नसतो.

घाटात चौथ्या गिअरला ‘टकटकटक’ असा बारीक धातूचा आवाज आला तर इंजिन ठोकतंय. आधी स्वतःचा गिअर बघा. कमी फेऱ्यांवर मोठ्या गिअरने चढ चढवला तर चांगलं इंजिनही ठोकेल. खालच्या गिअरला घेऊनही ठोकत असेल तर मग आत साचलेला कार्बन, जास्त तापणारं इंजिन किंवा भेसळीचं पेट्रोल.

आणखी एक प्रकार, जो मला खास आपला वाटतो. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर ‘राउंड फिगर करा’ म्हणून वरून पेट्रोल ओतून घ्यायची सवय. ते पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जातं. मग पंपावरून निघताना गाडी लवकर स्टार्ट होत नाही, पहिले काही मिनिटं गुदमरते, नंतर ठीक. दर वेळी टाकी भरल्यावरच होत असेल तर तो डबा आणि त्याचा पर्ज व्हॉल्व्ह (वाफा इंजिनात सोडणारी झडप) तपासायला सांगा. मेकॅनिकला हे आपणहून सुचणं कठीण, कारण त्याच्याकडे गाडी टाकी भरून कुणी आणत नाही.

सीएनजी असेल तर निदान फुकटात होतं

सीएनजीवाल्यांच्या हातात एक बटण आहे आणि ते निदानासाठी कुणी वापरत नाही. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर तोच रस्ता, तोच चढ, तोच गिअर, एकदा पेट्रोलवर आणि एकदा सीएनजीवर चालवा.

दोन्हीवर सारखंच मिसिंग असेल तर दोष सामाईक भागात: प्लग, कॉइल, हवेची गळती, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). फक्त पेट्रोलवर असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर. महिनोन्महिने पेट्रोल न वापरल्याने त्यांची तोंडं चोंदतात, आणि टाकीत कायम रिझर्व्हचा काटा ठेवल्याने तळातला गाळ पंपात जातो. फक्त सीएनजीवर असेल तर लगेच किटला शिव्या घालू नका. मिथेनचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते, त्यामुळे म्हातारा होत चाललेला प्लग किंवा कॉइल आधी सीएनजीवर उघडी पडते आणि पेट्रोलवर अजून काही महिने गोड बोलते. म्हणून क्रम असा: प्लग, प्लगची फट, कॉइल, मग सीएनजीचा फिल्टर, मग इंजेक्टर आणि रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग). प्लगची फट झिजून वाढते. किती असावी हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, फिलर गेजने मोजायला दोन मिनिटं लागतात. इरिडियमचा प्लग मात्र ठोकून फट कमी करायला देऊ नका, त्याचं टोक सुईएवढं असतं.

दुरुस्ती करूनही तेच परत का येतं

हा भाग जरा निवांत वाचा, कारण परत येणाऱ्या मिसिंगचं मूळ मला सगळ्यात जास्त वेळा इथे दिसलंय.

आजच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते. ती इंजिनच्या माथ्यावर एका खोल नळीत उतरलेली असते, तळाशी प्लग. कॉइल उपसताना तिच्या, प्लगवर बसणाऱ्या रबरी बुटाचा रंग आणि स्पर्श बघा. कोरडं, जरा ताठ रबर असेल तर ठीक. बोटाला तेल लागलं, रबर फुगून लिबलिबीत झालं असेल, तर टॉर्च लावून नळीत डोकवा. तळाशी ऑइलचं तळं चकाकताना दिसतं, कधी प्लगचा षटकोनी भाग अर्धा बुडालेला. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) गॅसकेट आणि त्या नळीभोवतीचं सील कडक होऊन तिथून ऑइल झिरपतं. तेल रबर कुजवतं, वीस-तीस हजार व्होल्टची ठिणगी प्लगच्या टोकापर्यंत जायच्या आधीच बुटातून बाजूच्या धातूत उडी मारते. आता गॅरेजवाला काय करतो? कॉइल गेली म्हणून नवी टाकतो. नव्या कॉइलचं बूट त्याच तेलात उभं राहतं. काही महिन्यांनी तोच सिलिंडर, तेच मिसिंग. कॉइलच्या बिलापुढे सीलचे पैसे काहीच नसतात, पण सील मागितल्याशिवाय बदललं जात नाही.

अशा प्लगच्या चिनीमातीच्या पांढऱ्या भागावर वरून खाली एक बारीक काळी रेघ दिसते, पेन्सिलीने ओढल्यासारखी. ती ठिणगीची पायवाट. अशी रेघ असलेला प्लग पुसून परत लावू नका, आणि त्याच्याबरोबर बूटही बदला, नाही तर जुन्या बुटातली रेघ नव्या प्लगवर उमटते.

दुसरं कारण उष्णता. कॉइलच्या आतली तार गरम झाल्यावरच तुटते आणि थंड झाली की जुळते. अर्ध्या तासाच्या ट्रॅफिकनंतर मिसिंग सुरू, गॅरेजला रात्रभर उभी राहिली की सकाळी ओके. अशा गाडीला मेकॅनिककडे गरम अवस्थेतच न्यायचं आणि बंद न करता दाखवायचं. मग इंजिन बंद करून संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरच्या कॉइलशी अदलाबदल करायची. तक्रार कॉइलबरोबर सरकली तर कॉइल, जागेवरच राहिली तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. स्कॅनर असेल तर पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, असे कोड येतात. पी०३०० म्हणजे कुठला एक असा सांगता येत नाही. कोड सिलिंडर सांगतो, पार्ट सांगत नाही. ‘स्कॅनरने कॉइल दाखवली’ हे वाक्य ऐकलं की मी दोनदा विचारतो.

तिसरं पावसाळा. इंजिन वॉशिंग करून घेतलं किंवा कोकणात चार दिवस गाडी भिजली की त्याच नळ्यांत पाणी उतरतं. जुन्या, प्लगच्या लांब वायरी असलेल्या गाडीत अंधाऱ्या जागी बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर वायरीवरून निळ्या ठिणग्या धावताना दिसतात. बघायचं, बोट लावायचं नाही. आणि उंदीर. इंजेक्टरची वायर अर्धी कुरतडलेली असली तर सरळ रस्त्यावर चालते आणि खड्ड्यात गेलं की सुटते. झटका इंजिनच्या फेऱ्यांशी नाही, रस्त्याच्या खड्ड्यांशी जुळत असेल तर वायरिंग बघा.

घरी करता येण्यासारखं

मोकळ्या जागेत, बंद पार्किंगमध्ये नाही, गाडी स्लोला ठेवा आणि सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर कागदाची पट्टी धरा. झोत एकसारखा आला तर पट्टी सलग फडफडते. ठराविक अंतराने ती लटकी पडते किंवा क्षणभर आत ओढली जाते, तेव्हा एक सिलिंडर काम करत नाही किंवा एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

कोणता सिलिंडर, हे काढायला जुने मिस्त्री चालू गाडीत प्लगची वायर उपटायचे. आताच्या गाडीत ते करू नये, शॉक बसतो आणि कॉइलही जाऊ शकते. त्याऐवजी एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघायचा. चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिन लगेच डळमळतं. ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही तो आधीच मेलेला. ईसीयू दोन-तीन सेकंदांत रेस सावरते, म्हणून काढल्या क्षणी कान द्यायचा. चेक इंजिनचा दिवा लागेल, नंतर कोड पुसून घ्या.

प्लग काढलाच तर रंग बघा. फिकट तपकिरी किंवा राखाडी चांगला. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त), पांढराफटक म्हणजे पातळ (हवा जास्त) किंवा जास्त तापलेला, पेट्रोलने ओला म्हणजे पेटतच नाही.

पीयूसीची जुनी पावती डिकीत पडलेली असते, ती काढा. तिच्यावर सीओ आणि एचसी असे आकडे असतात. नव्या पावतीशी ताडून बघा. एचसी चढलेला असेल तर न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतंय, म्हणजे मिसिंग. सीओ चढलेला असेल तर मिश्रण घट्ट. पास-नापास यापलीकडे ही पावती कुणी वाचत नाही, पण हे मोजमाप स्वस्तात मिळालेलं असतं.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागला तर सवडीने बघा. चालता चालता लुकलुकायला लागला तर पाय हलका करा, एसी बंद करा आणि शक्य तिथे थांबा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, तो लालभडक तापतो, आणि त्याची किंमत सगळ्या कॉइल मिळून होणार नाही इतकी असते.

एवढं सगळं करून एकच सिलिंडर हट्टाने सुटत असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. बरीच वर्षं सीएनजीवर पळालेल्या, शिमवर (पातळ चकतीवर) किंवा स्क्रूवर टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) सेट होणाऱ्या इंजिनात त्याआधी टॅपेटची फट बघा. सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, फट संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. अशा इंजिनचा टॅपेटचा आवाज कमी होतो आणि मालक खूश असतो. फट ठीक असूनही दाब कमीच आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगा. दाब वाढला तर रिंग गेल्या, वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. मग हेड उतरवावं लागतं, आणि ते मोजमाप तुमच्यासमोर झाल्याशिवाय उतरवू देऊ नका.